बिनपायऱ्यांची विहीर

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते कधीच गेले. थोरांनी नीट ऐकावी. पोरांनी मधे बोलू नये.

समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या कोरड्या माळावर एक गाव होतं. मातीची गोल घरं, त्यांवर गवताची छपरं, मधोमध जाड बुंध्याची गोरखचिंच. माणसं कष्टाळू होती. बाजरी पेरत, शेळ्या राखत. पाऊस बेताचा, पण पुरायचा. तरी ते गाव वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलं.

कारण एकच होतं. नारू.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना नारू माहीत होता. नव्यांना सांगतो. आधी पायावर फोड येतो. मग निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटतो आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की तुटतो, आणि तुटला की पाय सुजून पिकतो. माणूस सहसा मरत नाही, पण उभाही राहत नाही. त्या गावात नारू निघायचा तो नेमका कणसं भरल्यावर. शेतात बाजरी उभी आणि अर्धं गाव आडवं.

गावापासून लांब एक तळं होतं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, सगळे तेच प्यायचे. त्या तळ्याची एक राखणदारीण होती. तिचं नाव अपोका.

अपोका उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कडक. हे काम तिला आईकडून आलं होतं. गुरं पाण्यात शिरू द्यायची नाहीत. पाणी भरताना भांडू द्यायचं नाही. आणि नारू झालेल्याला हात धरून तळ्यात उतरवायचं. पाय पाण्यात गेला की आग शमायची. ओरडणारा माणूस गप्प व्हायचा. गावात असं घर नव्हतं, ज्यातल्या कोणाला अपोकाने हात धरून पाण्यात उभं केलं नव्हतं. मुखियालाही केलं होतं. तो तेव्हा लहान होता आणि आईच्या नावाने रडत होता. पुढे मुखिया झाला, तरी अपोका आली की उठून उभा राहायचा.

तिला एकच मुलगा होता. नारूने त्याचा गुडघा आखडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. अपोकाने त्यालाही पाण्यात उभं केलं होतं. आपण जमेल तेवढं केलं, असं ती म्हणायची, आणि तिचा त्यावर विश्वास होता.

त्या गावची आणखी एक रीत होती. सुना डोंगरावरच्या वस्तीतून येत. तिकडे खडकातून पाझरणारं पाणी होतं, नारू नव्हता. सून गावात आली की ती पाहुणी. तिच्या पायातून पहिला नारू निघाला की बायका जमत, गाणी म्हणत, मध घालून बाजरीची लापशी करत. म्हणत, "आज ही आपली झाली. गाव हिच्या अंगात उतरलं."

हसू नका. ज्या दुखण्यावर उपाय दिसत नाही, त्याचा माणूस सण करतो.

मुखिया मात्र विचारी होता. त्याने दूरच्या मुलखातून विहीर खणणारा बोलावला. तो आला, माळावर फिरला, वारुळं पाहिली, माती हुंगली आणि गोरखचिंचेजवळ काठी रोवली. उन्हाळाभर खणणं चाललं. तो आत, गाव वर. माती टोपल्यांतून वर यायची आणि बायका ती लांब नेऊन टाकायच्या. शेवटी पाणी लागलं. थंड, गोड, काचेसारखं. त्याने विहीर दगडांनी बांधून काढली, तोंडाशी कमरेइतका कठडा उभा केला, वर रहाट बसवला, दोराला पोहरा लावला.

सगळं गाव पाहायला आलं. अपोका कठड्याभोवती फिरली. एकदा, पुन्हा एकदा.

"पायऱ्या करायला विसरलास," ती म्हणाली.

"विसरलो नाही. करायच्याच नव्हत्या."

"मग नारूवाल्याला मी पाण्यात उतरवू कुठून?"

"उतरवायचंच नाही, बाई. नारू पाण्यात गेला की आपलं बी सोडतो. तेच पाणी दुसरा पितो, बी त्याच्या पोटात जातं. तिथं वाढतं आणि पायातून निघतं. या विहिरीत पोहरा उतरेल. पाय उतरणार नाही."

अपोकाचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे मी आणि माझी आई, आम्ही इतकी वर्षं लोकांना दुखणं वाटत होतो, असं म्हणतोस?"

"तसं मी म्हटलं नाही. किडा काय करतो तेवढं सांगितलं."

"तुझ्या हातात कसब आहे," अपोका म्हणाली, "पण जिभेला वळण नाही."

लोक हसले. विहीर खणणारा हसला नाही. त्याने हत्यारं गोळा केली, मुखियाला एवढंच सांगितलं की धीर धरा, आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याला पुढच्या गावी खणायचं होतं.

मुखियाने दोराची राखण अपोकालाच दिली. तळं तिचं होतं, विहीरही तिची. तिने ती घेतली, कारण पाण्याचं काम नाकारायचं तिला माहीत नव्हतं. गाव विहिरीचं पाणी पिऊ लागलं. जवळ होतं, गोड होतं. त्याच दिवसांत अपोकाच्या मुलाचं लग्न झालं. डोंगरावरून सून आली. तिचं नाव लामिसी. अंगाने बारीक, पण कामाला वाघीण.

पाऊस झाला. बाजरी वाढली. कणसं भरली.

आणि नारू निघाला. दर वर्षीसारखाच, घरोघर.

मग गाव बिथरलं. गोरखचिंचेखाली बैठक बसली. एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "ज्याचं पाणी प्यायचं, त्याला पाय लावून नमस्कार करायचा, ही आपली रीत. या विहिरीला आपण कधी पाय लावला? पाणी रुसलं आहे."

"कठडा फोडा, पायऱ्या करा!" मागून कोणी ओरडलं.

"आणि तळ्यापर्यंत लंगडत जायचं कोणी? जवळ पाणी असून पाय भाजत बसायचं?"

मुखियाने सगळ्यांचं ऐकलं. त्याच्या स्वतःच्या पायाला चिंधी बांधलेली होती. तो थकल्या आवाजात म्हणाला, "बरं. फोडा कठडा, करा पायऱ्या. पहिला घाव राखणदारणीचा."

काठीवाल्या म्हाताऱ्याने आपली कुदळ अपोकाच्या हातात दिली. तिला हेच हवं होतं. ती कठड्याकडे चालू लागली. कठडा फुटला की माणूस आत उतरणार होता, आणि त्याच्याबरोबर त्याचा पायही.

विहिरीजवळ बायका उभ्या होत्या. त्या लामिसीची थट्टा करत होत्या.

"काय गं, अजून पाय कोरेच?"

"पाहुणीच अजून. पाहुणीला जपून वाढा गं!"

"राहू द्या तिला," एक जाडी बाई म्हणाली. ती स्वतः डोंगरावरचीच होती. "मला तरी पहिल्या वर्षी कुठं निघाला होता? दुसऱ्या पिकाला निघाला. आपल्या सगळ्यांचं तसंच. पुढच्या वर्षी हिचीही लापशी खाऊ."

अपोका थांबली.

कुदळ तिच्या हातात तशीच राहिली. तिला आठवू लागलं. डोंगरावरच्या किती सुनांचे पाय तिने पाण्यात ठेवले होते. ही जाडी. तिच्या आधीची, जी बाळंतपणात गेली. कुंभाराची थोरली. त्या आधीच्या सगळ्या. एकीलाही पहिल्या वर्षी नारू निघाला नव्हता.

मग तो वर्षभर होता कुठं?

ती जाड्या बाईसमोर उभी राहिली. "नक्की सांग. पहिल्या पिकाला नाही?"

"नाही आजी. तुम्हीच तर म्हणाला होतात, गाव अंगात उतरायला वर्ष लागतं."

"म्हटलं होतं," अपोका म्हणाली.

तिला विहीर खणणाऱ्याचे शब्द आठवले, आणि आपल्या मुलाचा गुडघाही. ती वळली, बैठकीत आली आणि कुदळ मुखियाच्या पायांशी टाकली.

"कठडा फुटणार नाही."

एकच गलका झाला. अपोकाने हात वर केला.

"आधी ऐका. बोंबलायचं ते नंतर बोंबला. डोंगरावरून आलेल्या सुनेला नारू निघायला वर्ष लागतं. हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक होतं. आपण त्यावर गाणी केली, विचार केला नाही. आज जो नारू निघतोय, तो गेल्या वर्षी तळ्यावर प्यायलेला. या विहिरीचा त्यात दोष नाही. तो माणूस खरं बोलला. मी लोकांना पाण्यात उभं करत होते आणि तेच पाणी लोकांना पाजत होते."

इतकं मोठं बोलणं कोणी स्वतःविरुद्ध केलेलं त्या गावाने ऐकलं नव्हतं.

काठीवाला म्हातारा म्हणाला, "आणि तू चुकत असशील तर?"

"माझी सून या गावात तळ्याचा थेंब प्यायलेली नाही. ती आली तेव्हा विहीर सुरू झाली होती. पुढच्या पिकाला तिच्या पायातून नारू निघाला, तर खुशाल कठडा फोडा. आणि मी गाव सोडून जाईन."

त्या मुलखात म्हाताऱ्या माणसाने गाव सोडणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. माळावर एकट्याला कोण भाकर देतो? मुखिया उठून उभा राहिला.

"आजी, एवढं बोलू नका."

"बोलले ते बोलले. ज्याची कुदळ त्याने घरी न्यावी."

तेव्हापासून अपोकाने नवा नियम घातला. ज्याच्या पायाची आग होते त्याने विहिरीपाशी यायचं नाही. त्याच्या घरी पाणी जाईल. लाकडाची काठवट भरून द्यायची, त्यात पाय ठेवायचा आणि नंतर ते पाणी तापल्या वाळूत ओतायचं. वाळू पिऊन टाकील. लोक कुरकुरले, पण आग काठवटीतही शमली. तळ्यावर जायला मात्र तिने सगळ्यांना मनाई केली.

आता खरी परीक्षा ऐका.

काही दिवस गेले आणि अपोकाच्या टाचेवर फोड आला. तीही गेल्या वर्षी तळ्याचंच पाणी प्यायली होती, तिला का सोडेल? तिने दात दाबून धरले. काठवटीत पाय ठेवला. पण काठवटीतलं पाणी लगेच कोमट व्हायचं. भर दुपारी आग इतकी पेटली की तिला तळं दिसू लागलं. थंड, खोल, सावलीतलं. ती मनाशी म्हणाली, आता तिथलं पाणी कोणी पीत नाही. मी एकटीने पाय बुडवला तर कोणाचं काय जाणार आहे?

ती काठी टेकत तळ्याकडे निघाली. कोणी पाहिलं नाही. सगळे शेतात होते.

काठावर पोचली तर पाण्याशी कोणीतरी वाकलं होतं. हातात भोपळ्याचा तुंबा होता आणि तो काठोकाठ भरलेला होता.

"लामिसी!"

पोरगी दचकली. तुंबा हातातून सुटता सुटता राहिला.

"इथं काय करतेस?"

लामिसीने तुंबा पाठीमागे घेतला.

"मी विचारते आहे. विहीर आटली का?"

"नाही, आई." मग तिने मान वर केली. "कुंभाराकडे आज लापशी आहे. त्यांच्या धाकट्या सुनेला नारू निघाला. सगळ्या नाचताहेत. मला म्हणाल्या, तू नंतर ये, पाहुण्यांना मागून वाढतात. मी रोज यांच्याबरोबर कांडते, यांच्याबरोबर पाणी वाहते, तरी पाहुणी. मला नारू हवा आहे. निघू दे एकदाचा. म्हणजे मी तुमची होईन."

"आणि तो निघाला तर मला गाव सोडावं लागेल, हे ठाऊक होतं ना?"

लामिसीचे डोळे भरले. "ते ध्यानातच आलं नाही, आई. एवढंच दिसत होतं, की मी बाहेर आणि त्या आत."

अपोका ओरडणार होती. पण लामिसी तिच्या पायाकडे पाहत होती. मग तिने काठीकडे पाहिलं. मग वाटेकडे.

"तुम्ही का आलात, आई?"

अपोका खोटं बोलणारी बाई नव्हती. "पाय बुडवायला," ती म्हणाली.

दोघी एकाच काठावर उभ्या होत्या. एक पाय बुडवायला आलेली, दुसरी प्यायला. अपोका अर्धी घटका आधी आली असती, तर तिच्याच टाचेतलं बी तिच्याच सुनेच्या तुंब्यात आलं असतं. आपली आई, आपण, आपला मुलगा. इतकी वर्षं या काठावर हेच होत होतं, फक्त दोन माणसं एकाच वेळी समोरासमोर आली नव्हती.

"ओत ते पाणी," ती म्हणाली.

एक घोटही न घेतलेला तुंबा लामिसीने वाळूत उपडा केला.

"आता मला खांदा दे. चल."

"घरी?"

"कुंभाराकडे."

अपोका कुंभाराच्या अंगणात शिरली तेव्हा गाणं रंगात आलं होतं. ते थांबलं. तिने लापशीच्या भांड्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि घरात पाय धरून कण्हणाऱ्या धाकट्या सुनेकडे पाहिलं. ती पोर सोळा-सतरा वर्षांची असेल.

"हिला विचारलंत का, हिला नाचावंसं वाटतंय का?"

नाचणाऱ्या बायका मागे सरकल्या.

"ही रीत आजपासून बंद. सून ज्या दिवशी या गावात पहिला पोहरा ओढील, त्या दिवशी ती आपली. लापशी त्या दिवशी करा, मीही खाईन. ही लामिसी. हिने उन्हाळ्यापासून तुम्हाला पाणी पाजलं आहे. उद्यापासून दोर हिच्या हातात. जिला ही पाहुणी वाटते, तिने पाहुणीच्या हातचं पाणी पिऊ नये."

जाडी बाई पहिल्यांदा हसली. "अगं बाई, मग तहानेने मरायचं का आम्ही?" तिने पानावर लापशी घेतली आणि लामिसीला सगळ्यांच्या आधी वाढली.

दुसऱ्या दिवशी मुखियाने माणसं पाठवून तळ्याभोवती काटेरी कुंपण घातलं. अपोकाचा नारू काडीवर निघाला, पाय वाळला. त्या पायाने तिने पुन्हा कधी तळ्याची वाट धरली नाही.

वर्ष फिरलं. पाऊस झाला, बाजरी वाढली, कणसं भरली. गाव बोलत नव्हतं, पण प्रत्येकाचं लक्ष लामिसीच्या पायांकडे होतं. ती पोहरा ओढताना पोरं खाली वाकून तिच्या टाचा पाहत. अपोका मोठ्यांना सांगायची, "पाहा, पाहा. नीट पाहा. मला घाई नाही."

एका सकाळी लामिसी लंगडत आली.

बातमी वणव्यासारखी पसरली. काठीवाला म्हातारा धावत आला. त्याला पाहून वाटलं, काठी त्याने उगाचच धरली होती. मुखिया आला. लामिसीचा नवरा आखडलेल्या गुडघ्याने सगळ्यांच्या मागून आला आणि त्याने आईकडे पाहिलं नाही. लामिसीच्या तळव्यावर लाल फोड होता.

अपोकाने तिला कठड्याजवळ बसवलं. पाय मांडीवर घेतला. असे पाय तिने आयुष्यभर हातात घेतले होते. तिने अंगठ्याने चाचपलं. कडेने दाबलं. मग कोणाला काही न सांगता दोन नखांनी चिमटा घेतला आणि ओढलं.

काही पांढरं निघालं नाही. काळं निघालं. टोकदार. बाभळीचा काटा.

"घ्या," अपोका म्हणाली आणि काटा म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला. "याला गुंडाळा काडीवर."

आधी लामिसी हसली. मग तिचा नवरा. मग सगळं गाव इतकं हसलं की शेळ्या बुजल्या. म्हातारा काही वेळ रागाने काट्याकडे पाहत राहिला आणि शेवटी तोही हसला. म्हणाला, "अपोका, मी कुदळ विकून टाकतो."

"विकू नकोस. पुढच्या गावाला विहीर लागेल."

त्या वर्षी त्या गावात एकाही पायातून नारू निघाला नाही. घरांतली सगळी माणसं कापणीला गेली. पूर्वी घरोघर पाय धरून बसलेली माणसं अंगणातल्या वाळत्या बाजरीची राखण करत. या वर्षी राखायला घरी कोणी उरलंच नाही. पाखरांनी पोटभर खाल्लं. संध्याकाळी लोक आले, अंगण पाहिलं आणि कोणीही पाखरांना शिवी दिली नाही. तरीही कणग्या भरल्या, आणि उरलेल्या बाजरीला जागा करायला नव्या बांधाव्या लागल्या.

मग आसपासच्या गावांची माणसं येऊ लागली. विहीर कशी खणायची, असं विचारू लागली. खणायचं काम खणणारा जाणे, असं अपोका सांगायची. मग ती त्यांना कठड्यापाशी नेई, कठड्यावर हात मारी आणि म्हणे, "हा आधी. पाणी नंतर."

अपोका त्याच गावात म्हातारी होऊन गेली. लामिसीच्या मुली, नाती त्या विहिरीवर वाढल्या. नारू काय असतो, हे त्यांना सांगूनही पटत नसे. त्यांना ती म्हाताऱ्यांनी रचलेली गोष्ट वाटायची. त्या तसं म्हणाल्या की गावातले जुने लोक रागावत नसत. यासाठीच तर सगळं केलं होतं.

ध्यानात ठेवा: ज्या पाण्याने सगळ्यांची तहान भागते, त्यात कोणी आपलं दुखणं धुऊ नये, आणि दुसऱ्याचंही दयेपोटी धुऊ देऊ नये.